पलटणीचे कान

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ४ जून १७७७ रोजी न्यू जर्सीतील मिडलब्रुकच्या छावणीत काढलेला एक हुकूम मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवतो. सैन्यातील संगीत एकंदरीत फार वाईट आहे, असे त्यात सरळ म्हटले आहे. ड्रम-मेजर आणि फाइफ-मेजर (म्हणजे ड्रमवादकांचे आणि फाइफ ही आखूड आडवी बासरी वाजवणाऱ्यांचे प्रमुख) यांनी ते सुधारण्यासाठी झटावे, अन्यथा त्यांना पदावरून उतरवून त्यांचा जादा पगार काढून घेण्यात येईल. प्रत्येक रेजिमेंटच्या वादकांना सरावासाठी ठरावीक तास नेमून द्यावेत. आणि चांगल्या संगीताइतके सुखद व शोभिवंत दुसरे काही नसल्यामुळे प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्या तुकडीच्या लौकिकासाठी त्याची तजवीज ठेवावी, असा त्याचा आशय आहे. अन्न, कपडे, दारूगोळा आणि माणसे या सगळ्यांचीच टंचाई भोगणाऱ्या सेनापतीला वादकांच्या सरावाकडे जातीने लक्ष द्यावेसे का वाटले असेल, या प्रश्नापासून माझे शिकवणे सुरू होते.

माझ्याकडे येणारे विद्यार्थी रिइनॅक्टर आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील एखाद्या रेजिमेंटचा वेश, शस्त्रे आणि राहणी स्वीकारून ही मंडळी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात शनिवार-रविवारी मैदानात उतरतात, कापडी तंबूंत झोपतात, उघड्यावर चूल मांडून रांधतात आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाया प्रेक्षकांपुढे पुन्हा उभ्या करतात. त्यांच्यात कोणी शाळेत शिकवतो, कोणी नळजोडणीची कामे करतो, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांच्या अभ्यासूपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. कोटाची शिवण हाताची असावी, गुंड्या त्याच रेजिमेंटच्या असाव्यात, लोकरीचा रंग त्या काळच्या रंगाशी जुळावा, यासाठी ते जुनी कागदपत्रे धुंडाळतात आणि पदरचे पैसे ओततात. मात्र हीच माणसे ड्रम खांद्याला अडकवून उभी राहिली, की कोणत्याही शतकातला कोणताही ठेका चालतो अशी समजूत पुष्कळ वेळा दिसते, आणि ती मला खटकते. कोटाला जी कसोटी लावायची तीच संगीतालाही लावली पाहिजे, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडत नाही.

मी मूळचा पुण्याचा. लहानपणी तबला शिकलो आणि नोकरीच्या निमित्ताने कनेटिकटमध्ये येऊन स्थिरावलो. येथील डीप रिव्हर या लहानशा गावात जुलैच्या तिसऱ्या शनिवारी फाइफ आणि ड्रम पथकांचा मोठा मेळावा भरतो. हा मेळावा १९५३ मध्ये सुरू झाला. दूरदूरची पथके गावाच्या मुख्य रस्त्यावरून एकामागून एक वाजवत जातात. संचलन संपल्यावर मैदानात निरनिराळ्या पथकांचे वादक एकत्र जमून जी बैठक रंगवतात, तिच्यामुळेच मी या संगीताकडे ओढला गेलो. शेजारच्या आयव्हरिटनला या परंपरेचे संग्रहालय आहे आणि जवळच्या मूडस गावचे पथक १८६० पासून आपली सावकाश, भारदस्त चाल सांभाळून आहे. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गचे मुलामुलींचे पथक १९५८ मध्ये आणि अमेरिकन लष्कराचे ओल्ड गार्ड पथक १९६० मध्ये उभे राहिले. त्यांच्या किती तरी आधीपासून कनेटिकटच्या खेड्यापाड्यांत हे वादन बापाकडून मुलाकडे आणि गुरूकडून शिष्याकडे जात होते, हे येथे आल्यावरच मला समजले. पथकातील ज्येष्ठ वादकांनी मला हातात काठ्या देऊन शिकवले आणि पुढे नवशिक्यांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले.

पथकातील वादन आणि पलटणीतील वादन यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. पथकाचे वादन श्रोत्यांसाठी असते. पलटणीत फाइफ आणि ड्रम ही सेनापतीची वाणी होती. प्रशियाहून आलेले बॅरन फॉन श्टॉयबेन १७७८ च्या फेब्रुवारीत व्हॅली फोर्जच्या छावणीत पोहोचले, त्यांनी विस्कळीत सैन्याला कवायत शिकवली आणि १७७९ मध्ये त्यांची नियमावली छापून निघाली. तिच्यात ड्रमच्या ठोक्यांना स्वतंत्र प्रकरण आहे, आणि माझ्या वर्गाचे खरे पाठ्यपुस्तक तेच आहे. ‘जनरल’ वाजला की सगळ्या सैन्याने तंबू उतरवून कूच करण्याच्या तयारीला लागायचे. ‘ट्रूप’ वाजला की हजेरीसाठी आणि तपासणीसाठी जमायचे. ‘रेव्हेली’ पहाटे वाजायची, शिपायांनी उठायचे आणि पहारेकऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणे थांबवायचे. ‘रिट्रीट’ सूर्यास्ताला वाजे, तेव्हा पुन्हा हजेरी होई आणि दिवसाचे हुकूम वाचले जात. ‘टॅटू’नंतर शिपायाने तंबूत शिरायचे आणि सकाळच्या रेव्हेलीपर्यंत तेथेच राहायचे. अचानक धोका आला तर ‘टू आर्म्स’, आणि शत्रूशी बोलणी करायची असतील तर ‘पार्ली’.

या मोठ्या ठोक्यांखेरीज बारीकसारीक कामांच्याही खुणा होत्या, आणि मला त्या अधिक प्रिय आहेत, कारण छावणीचे रोजचे जगणे त्यांच्यात ऐकू येते. एक रोल (ठोक्यांचा अखंड गडगडाट) आणि तीन टॅप (सुटे साधे ठोके) म्हणजे फर्स्ट सार्जंटला बोलावणे. दोन रोल आणि पाच टॅप म्हणजे सगळ्या नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांना बोलावणे. दोन साधे ठोके आणि एक फ्लॅम (मोठ्या ठोक्याला किंचित आधी चिकटून आलेला लहान ठोका) म्हणजे पाणी आणायला निघा. लाकडे आणण्याची खूण वेगळी, शिधा घेण्याची वेगळी. शिध्यासाठी तर ‘रोस्ट बीफ’ ही सगळ्यांच्या तोंडी असलेली इंग्रजी चालच वाजवत. रोजचे ठोके सैन्याच्या उजव्या टोकाला सुरू व्हायचे आणि तत्काळ सगळ्या फळीने ते उचलायचे, असा नियम होता. त्याच्या पाव तास आधी ‘ड्रमर्स कॉल’ होई, वादक आपापल्या बटालियनच्या निशाणांपुढे जमत, आणि मग वाजवत वाजवत मध्यापासून उजवीकडे, तेथून डाव्या टोकापर्यंत आणि परत मध्यावर येऊन थांबत. हजारो माणसांच्या छावणीत एकच हुकूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा पसरत जात असे.

आता सरावाच्या ठरावीक तासांचे कारणही उलगडते. ड्रम हे सैन्याला इशारा देण्याचे साधन आहे, आणि प्रत्येक वादक मन मानेल तेव्हा वाजवू लागला तर तो हौसेने वाजवतो आहे की हुकूम देतो आहे हे कोणालाच कळणार नाही, असे त्याच सैन्याच्या दुसऱ्या एका हुकमात बजावले आहे. रिइनॅक्टरांच्या छावणीत दुपारी जेवणानंतर कोणी तरी सहज म्हणून ड्रम बडवत बसलेला दिसतो, तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन हा हुकूम सांगतो आणि सरावासाठी त्याला छावणीबाहेर, झाडीपलीकडे घेऊन जातो. तेथून पुढे तो स्वतःहून वेळ पाळू लागतो.

मराठी वाचकासाठी येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. श्टॉयबेन यांचे पुस्तक छापले गेले त्याच वर्षी, जानेवारी १७७९ मध्ये, वडगावला मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला कोंडीत पकडून तह करायला लावला. कंपनीच्या पलटणींतही ड्रम आणि फाइफ वाजवणारे असत, आणि त्यांचे वळण ब्रिटिश लष्करी वादनाचेच होते. अमेरिकेतील बंडखोरांनी आपले बहुतेक ठोके आणि चाली त्याच ब्रिटिश परंपरेतून उचलल्या होत्या. त्यामुळे मावळातल्या घाटवाटांवर आणि न्यू जर्सीच्या टेकड्यांवर त्या काळी एकाच कुळातले वादन ऐकू येत होते, हा विचार मला पुष्कळदा सोबत करतो.

शिकवण्यातली पहिली खरी अडचण अशी, की श्टॉयबेन यांच्या नियमावलीत ठोक्यांची नावे आणि त्यांचा उपयोग दिला आहे, पण स्वरलिपी दिलेली नाही. ते ठोके वाजवणाऱ्यांना येतच होते, म्हणून लिहिण्याची गरज कोणाला वाटली नाही. आज ते उभे करताना इतर कागदांचा आधार घ्यावा लागतो. फाइफच्या चालींच्या बाबतीत स्थिती बरी आहे, कारण कनेटिकटमधील एलिंग्टनच्या जाइल्स गिब्ज या तरुण फाइफवादकाने १७७७ मध्ये लिहून ठेवलेली वही सुदैवाने वाचली आहे. ड्रमसाठी मात्र थोडे पुढच्या काळात उतरावे लागते. बेंजामिन क्लार्क यांची हस्तलिखित वही १७९७ ची आहे. अमेरिकन मरीन बँडचे प्रमुख चार्ल्स अ‍ॅशवर्थ यांचे ड्रमवादनाचे पुस्तक १८१२ चे आहे. आणि सर्वांच्या हाती असलेले ब्रूस व एमेट यांचे पुस्तक १८६२ चे, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीतले आहे.

येथेच घोटाळा होतो. ब्रूस आणि एमेट यांचे पुस्तक सविस्तर आणि वाचायला सोपे आहे, कनेटिकटच्या पथकांतही त्यातले पुष्कळ काही जिवंत आहे, म्हणून १७७७ चा कोट घातलेला माणूस बेधडक १८६२ चे ठोके वाजवतो. बास ड्रमही असाच मागच्या दाराने शिरतो. क्रांतीच्या काळातील अमेरिकन कंपनीत एक ड्रमवादक आणि एक फाइफवादक असे. मोठा बास ड्रम या जोडीला एकोणिसाव्या शतकात येऊन मिळाला. त्याचा घनगंभीर नाद मला अतिशय आवडतो आणि डीप रिव्हरच्या संचलनात तो नसेल तर मला चुकल्यासारखे वाटेल, पण स्वातंत्र्ययुद्धाच्या छावणीत त्याला जागा नाही. म्हणून नव्या गटाला मी आधी विचारतो, ‘तुम्ही कोणते वर्ष उभे करता?’ त्या उत्तरावर पुढचा सगळा अभ्यासक्रम ठरतो. यादवी युद्धाचे रिइनॅक्टर असतील तर ब्रूस आणि एमेट यांचे पुस्तक उघडतो. क्रांतीचे असतील तर अ‍ॅशवर्थपासून मागे जातो, ब्रिटिश आधार पडताळतो, आणि जेथे आपण तर्काने वाट काढली आहे तेथे वहीत तसे लिहून ठेवायला लावतो. प्रेक्षकाने विचारले तर तेवढ्याच प्रामाणिकपणे त्याला सांगता आले पाहिजे.

ड्रमची सुरुवात लाँग रोलपासून होते. उजव्या हाताचे दोन, डाव्या हाताचे दोन, एवढेच. प्रथम इतके सावकाश, की प्रत्येक ठोका सुटा मोजता यावा. मग हळूहळू वेग वाढवत न्यायचा, दोन ठोके एकमेकांत मिसळून अखंड गर्जना होईपर्यंत. आणि तितक्याच हळूहळू पुन्हा खाली यायचे. इंग्रजीत हे ‘मामा-डॅडी’ असे म्हणत शिकवतात. मी सगळ्या वर्गाकडून काठ्या खाली ठेवून ते आधी तोंडाने म्हणून घेतो, कारण जे जिभेवर स्वच्छ बसले नाही ते हातात कधीच स्वच्छ येत नाही, ही तबल्याच्या शिकवणीतून माझ्या अंगात भिनलेली खात्री आहे. येथल्या जुन्या वादकांना ही पद्धत अजिबात परकी वाटली नाही.

रोलमधला दोष बहुधा जोडीच्या दुसऱ्या ठोक्यात असतो. पहिला ठोका मनगटाने मारला जातो आणि दुसरा काठीच्या उसळीवर आपोआप पडतो, म्हणून तो दुबळा राहतो. मी विद्यार्थ्याला मुद्दाम दुसऱ्या ठोक्यावर जोर द्यायला सांगतो. काही आठवडे ते विचित्र ऐकू येते, हात अवघडतात, आणि मग एके दिवशी दोन्ही ठोके सारखे होतात. ऑर्केस्ट्रात किंवा रॉक बँडमध्ये वाजवलेले लोक काठी कातड्यावर दाबून घरघर काढतात. बंद खोलीत ती गोड लागते, पण शंभर पावलांवरच्या शिपायाला त्यातून काही उमगत नाही. मोकळ्या मैदानात सुटे, उघडे दुहेरी ठोकेच दूरवर पोहोचतात. फ्लॅमचेही तसेच आहे. एक काठी कातड्यापासून जेमतेम दोन बोटांवर, दुसरी खांद्याच्या उंचीवर. लहान ठोका मोठ्याच्या किंचित आधी पडला पाहिजे. दोन्ही काठ्या एकदम पडल्या तर तो नुसता जोरकस ठोका होतो आणि मग सार्जंटला बोलावले की पाणी आणायला सांगितले, हे कळत नाही.

ड्रम जसा अडकवायचा त्यावरून हाताची पकड ठरते. पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रम डाव्या मांडीजवळ लटकतो आणि उजवीकडे कलतो. त्या कललेल्या कडेवरून डावा हात न्यायचा तर तळवा वर करून, काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरूनच न्यावा लागतो. आजही अनेक ड्रमवादक सपाट ठेवलेल्या ड्रमवर ही पकड वापरतात, पण तिचा उगम या पट्ट्यात आहे, आणि पट्ट्याशिवाय ती शिकवणे मला पटत नाही. सॅनफर्ड मोलर यांनी यादवी युद्धातून परतलेल्या वृद्ध वादकांचे हात बारकाईने पाहून त्यांची पद्धत १९२५ च्या आपल्या पुस्तकात मांडली. सगळा हात चाबकासारखा वर जातो, मनगट शेवटी येते, आणि ठोका जोराने पडूनही वादक दमत नाही. दिवसभर कूच करणाऱ्या माणसाने जपलेली ही हालचाल आहे. पन्नाशीतला विद्यार्थी खांदा दुखतो म्हणून तक्रार करतो, तेव्हा मी त्याला विश्रांती न देता हीच हालचाल सावकाश करायला लावतो.

कातड्याबद्दलही सांगितले पाहिजे. वासराच्या कातड्याचा, दोरीने ताणलेला आणि खाली तातीच्या दोऱ्या लावलेला ड्रम पहाटेच्या दवाने सैल पडतो. रेव्हेलीच्या आधी उठून दोरीवरचे चामड्याचे सरकते कान एकेक करून खाली ओढावे लागतात. एकाच बाजूचे ओढले तर चौकट तिरकी होते, म्हणून समोरासमोरच्या जोड्या घ्यायच्या. कान ओढताना दोरी करकरते, अंगठ्याला चट्टा पडतो, आणि मधेमधे काठीने टिचकी मारून आवाज ऐकत राहावे लागते. ऊन चढल्यावर तेच कातडे इतके ताणले जाते की कान परत वर सरकवले नाहीत तर ते फाटण्याची भीती असते. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला यातले काही करावे लागत नाही आणि भर पावसातही तो वाजतो. हिवाळ्यातल्या सरावासाठी मला तो चालतो. मैदानावर मात्र मी कातडेच आणायला सांगतो, कारण हवेचा अंदाज घेऊन वाद्य सांभाळणे हाही वादकाच्या कामाचाच भाग होता.

फाइफ दिसायला अगदी साधी असते. लाकडाची आखूड आडवी बासरी, बोटांसाठी सहा भोके, तोंडासाठी एक, दोन्ही टोकांना पितळी कडी. चाव्या वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी कित्येकांना तिच्यातून नुसती फुंकर ऐकू येते. रुग्णालयातली ती परिचारिका माझ्याकडे आली तेव्हा फाइफ ओठांना इतकी घट्ट दाबून धरत असे, की भोक पुरते झाकले जाई. मी तिला वाद्य बाजूला ठेवून एका तळहातावर फुंकायला सांगितले. ओठांचे कोपरे घट्ट, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि हवेची थंड, बारीक रेघ तळव्याच्या एकाच जागी पडली पाहिजे. मग तीच रेघ भोकाच्या पलीकडच्या कडेवर. सूर लागला तेव्हा ती दचकली, आणि चार श्वासांनंतर तिला गरगरू लागले. नवशिक्याला हे हमखास होते. अशा वेळी मी बसवून घेतो, कारण उभ्या उभ्या घेरी आलेला माणूस विटांच्या फरशीवर पडलेला मला परवडणार नाही.

खालच्या सप्तकात सूर लागणे ही अर्धीच मजल आहे. खालचे सप्तक मैदानात कोणालाही ऐकू जात नाही. फाइफ वाजते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या सप्तकात, जेथे ओठांची फट आणखी बारीक आणि हवेचा वेग पुष्कळ जास्त लागतो. वाद्यवृंदात बासरी वाजवलेले लोक येथे अडखळतात. त्यांचा सूर मऊ आणि थरथरता असतो. फाइफला तो सरळ, टणक आणि जिभेने तोडलेला लागतो. तो आवाज ड्रमच्या गडगडाटातून आणि बंदुकांच्या धडाडातून आरपार जातो, यासाठीच तर हे वाद्य पलटणीत आले. त्याची किंमत कानांना मोजावी लागते, म्हणून सरावात कानांत बोळे घालणे माझ्याकडे सक्तीचे आहे. अठराव्या शतकात बोळे नव्हते असा युक्तिवाद कोणी केला तर मी तो ऐकून घेत नाही.

दोन्ही वाद्ये वेगवेगळी बसल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते पायांनी होते. श्टॉयबेन यांच्या नियमावलीत साधे पाऊल मिनिटाला सुमारे ७५ आणि जलद पाऊल सुमारे १२० सांगितले आहे. पाऊल दोन फुटांचे. ७५ ची गती आजच्या माणसाला असह्य सावकाश वाटते. प्रेक्षक दिसले की वादकाचे हात वेग घेतात, मागची फळी तो पकडायला धावते, आणि लोकरी कोटात साडेचार किलोची बंदूक खांद्यावर घेतलेल्या माणसांची ओळ विस्कटते. म्हणून मी शिकवताना वादकांच्या पुढे उभा राहत नाही. मी शेवटच्या फळीबरोबर चालतो. तेथे पावले एकत्र पडत असतील तर वादन बरोबर आहे. पडत नसतील तर पुढे कितीही सफाईने वाजत असले तरी ते चुकले आहे. संगीताची इतकी निखळ परीक्षा मला अन्यत्र कोठे आढळलेली नाही.

कोण वाजवू शकते, याबद्दलही रिइनॅक्टरांच्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते, ते म्हणजे बारा वर्षांच्या ड्रमवाल्या मुलाचे. अशी मुले होती, परंतु दाढीमिशा आलेले पुरुषही पुष्कळ होते. १७७५ मध्ये साध्या शिपायाला महिना ६⅔ डॉलर आणि ड्रम किंवा फाइफ वाजवणाऱ्याला ७⅓ डॉलर ठरले होते, म्हणजे कॉर्पोरलइतके. त्यांच्या कोटाचे रंग रेजिमेंटच्या कोटाच्या उलट असत, म्हणजे गर्दीतही ते चटकन दिसावेत. फटक्यांची शिक्षा झाली तर चाबूक मारण्याचे कामही ड्रमवादकांकडे येई, आणि हा भाग गाळून त्यांची गोष्ट सांगणे मला बरोबर वाटत नाही. मी स्वतः कोट घालून उभा राहतो तेव्हा एखादा प्रेक्षक माझ्या वर्णाकडे पाहून अडखळतो. त्याला मी मॅसॅच्युसेट्सच्या बार्झिलाय ल्यू या कृष्णवर्णीय फाइफवादकाबद्दल सांगतो, जो बंकर हिलच्या लढाईत होता, आणि १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये उतरलेल्या ब्रिटिशांच्या २९ व्या रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय ड्रमवादकांबद्दलही. त्या पलटणींचे रंग चित्रांत दाखवतात तितके एकसारखे नव्हते.

‘पार्ली’ मी सर्वांत शेवटी शिकवतो. १७ ऑक्टोबर १७८१ च्या सकाळी यॉर्कटाउनच्या ब्रिटिश तटावर लाल कोटातला एक ड्रमवादक चढला आणि पार्ली वाजवू लागला. पेनसिल्व्हेनियाचा एबेनेझर डेनी हा तरुण अधिकारी समोरच्या खंदकात होता आणि त्याने आपल्या रोजनिशीत ही हकीकत लिहिली आहे. तो वादक प्रथम डोळ्यांना दिसला, म्हणून बरे झाले, नाहीतर त्याने कितीही वाजवले असते तरी तोफांच्या माऱ्यात एकट्या ड्रमचा आवाज कोणाला आला नसता. मात्र तोफा थांबल्यावर त्याच्या तोडीचा ड्रम आपण कधी ऐकला नाही असे वाटले, असे डेनी म्हणतो. शरणागतीच्या वेळी ब्रिटिशांनी ‘द वर्ल्ड टर्न्ड अपसाइड डाउन’ वाजवले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण ती सुमारे अर्ध्या शतकाने छापून आली. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी ती ठामपणे सांगू नये, असे मी बजावून ठेवले आहे. डेनीची रोजनिशी पुरेशी आहे.

त्या रोजनिशीतूनच माझ्या शिकवण्यात अलीकडे एक बदल झाला. वादक कितीही तयार झाला, तरी समोरच्याला ठोका ओळखता येत नसेल तर हुकूम हवेतच विरतो. २०२५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डच्या लढायांना २५० वर्षे झाली, तेव्हापासून मैदानात नवी माणसे लोटली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना ड्रम म्हणजे पार्श्वसंगीत वाटते. कप्तान ओरडून हुकूम देतो, त्याच वेळी शेजारी ड्रम काही तरी निराळेच सांगत असतो. त्यामुळे यंदाच्या हिवाळी वर्गाला मी एका कंपनीच्या वादकांबरोबर तिच्या कप्तानाला, सार्जंटांना आणि शिपायांनाही बसवले. त्यांच्या हातात वाद्य दिले नाही. डोळे मिटून ऐकायचे आणि जो ठोका कळला त्याप्रमाणे उठायचे, थांबायचे किंवा चालायचे, एवढेच करवून घेतले. एप्रिलच्या पहिल्या कवायतीला कप्तानाने तोंडातून शब्द न काढता ड्रमवादकाला खूण केली, आघाडीला थांबवण्याचा ठोका झाला आणि पहिली फळी जागच्या जागी उभी राहिली. दुसरी फळी दोन पावले पुढे आली, कारण तिचे लक्ष कप्तानाच्या तोंडाकडे होते. सार्जंटची हाक तर अजून अर्ध्यांना ओळखता येत नाही. टॅप तीन झाले की पाच हे मोजण्याआधीच सगळे उठून उभे राहतात. मे महिन्याच्या छावणीपर्यंत तेवढे पक्के झाले, की लाकूड आणि पाणी यांच्या खुणा घ्यायला घेऊ.